गाडी परक्याची, जबाबदारी कोणाची?

आधी एक साधा हिशेब मांडू. शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावते असे धरा. शहरातला सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर ती वर्षभरात ४०० तास चालते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे शंभर तासांपैकी पंच्याण्णव तास गाडी उभीच. कर्जाचा हप्ता, विमा, रस्ता कर आणि पार्किंगची जागा मात्र पूर्ण शंभर तासांची भरावी लागते.

या उभ्या तासांतून एक धंदा निघाला. तुमची गाडी तुम्हाला नको आहे, त्या दिवशी ती कोणा अनोळखी माणसाने न्यावी, भाडे द्यावे, आणि दोघांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीने त्यातला वाटा घ्यावा. अमेरिकेत ही पद्धत आता दीड दशकाची झाली आहे. गेल्या काही वर्षांत त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आल्या, आणि जुन्या प्रश्नांना नवे फाटे फुटले.

मी अभियंता नाही आणि वकीलही नाही. पंचवीस वर्षे सहकारी बँकेत हिशेबाचे काम केले, त्यामुळे कोणत्याही व्यवहारात ‘बुडाले तर कोणाचे?’ हा प्रश्न आधी विचारायची सवय लागली. मुलगी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. तिच्याकडे दोन उन्हाळे राहिलो, तेव्हा तीन वेळा अशी विजेची गाडी भाड्याने घेतली. गाडी देणाऱ्या मालकांशी बोललो, करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, आणि परत आल्यावर आपले कायदे काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो. एका वाक्यात सांगायचे तर, या व्यवहारात अवघड भाग गाडी वाटून घेण्याचा नाही, जोखीम वाटून घेण्याचा आहे.

कल्पना जुनीच

एकाच गाडीवर अनेकांनी चालायचे, ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये १९४८ साली ‘सेफागे’ नावाची सहकारी संस्था निघाली. ज्यांना स्वतःची गाडी परवडत नव्हती, अशा सभासदांनी मिळून गाडी वापरायची, हा तिचा उद्देश. वाटून घेतलेली विजेची गाडीही नवी नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १९७४ साली लुद स्खिमेलपेनिंक यांनी ‘विटकार’ सुरू केली. पांढरी, दोन माणसांची, विजेवर चालणारी छोटी गाडी. सभासदाने एका थांब्यावरून घ्यायची आणि दुसऱ्या थांब्यावर लावायची. थांब्यावर ती चार्ज होत राही. हीही सहकारी संस्थाच होती. थांबे आणि गाड्या हव्या तेवढ्या वाढल्याच नाहीत, आणि १९८६ मध्ये प्रयोग थांबला.

अमेरिकेत २००० साली ‘झिपकार’ आली. तिथे गाड्या कंपनीच्या, आणि सभासद त्या तासावर वापरत. २०१० साली बॉस्टनमध्ये ‘रिलेराइड्स’ने पुढचे पाऊल टाकले : कंपनीने गाड्या विकत घ्यायच्याच नाहीत, लोकांच्या दारात उभ्या आहेत त्याच वापरायच्या. हीच कंपनी २०१५ पासून ‘ट्युरो’ या नावाने ओळखली जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘गेटअराउंड’नेही याच सुमारास हाच मार्ग धरला, तिने २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतला कारभार बंद केला.

सेफागे आणि विटकार या सहकारी संस्था होत्या, हे लक्षात ठेवावे. तिथे गाडी सर्वांची होती आणि नुकसानही सर्वांचे होते. नव्या पद्धतीत गाडी एकाची, हात दुसऱ्याचा आणि करार तिसऱ्याचा. जोखीम कोणाच्या पदरात पडते हे इथे आपोआप ठरत नाही. ते कोणाला तरी ठरवून, लिहून ठेवावे लागते.

व्यवहार कसा होतो

या कंपन्या गाडीमालकाला ‘होस्ट’ म्हणतात आणि भाडेकरूला ‘गेस्ट’. म्हणजे यजमान आणि पाहुणा. शब्द मोठे गोड आहेत, पण पाहुण्याकडून आपण पैसे घेत नाही आणि त्याने कप फोडला तर बिल लावत नाही. इथे दोन्ही होते. म्हणून या लेखात मी मालक आणि भाडेकरू हेच शब्द वापरतो.

भाडेकरू मोबाइलवर तारीख आणि ठिकाण टाकतो. आसपासच्या गाड्या, त्यांचे दिवसाचे भाडे आणि आधीच्या भाडेकरूंनी दिलेले अभिप्राय दिसतात. वाहन परवाना आणि स्वतःचा चेहरा यांचे फोटो द्यावे लागतात. पाहुणे म्हणून गेलेल्या प्रौढ व्यक्तीला कॅलिफोर्नियात आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते, त्यामुळे माझा महाराष्ट्राचा परवाना चालला.

दर्शनी भाडे आणि प्रत्यक्ष बिल यांत बरेच अंतर असते. माझ्या पहिल्या गाडीचे भाडे दिवसाला ५५ डॉलर होते. तीन दिवसांचे १६५ व्हायला हवेत, पण बिल २६२ झाले. मधले पैसे सेवाशुल्क, कर आणि ‘संरक्षण योजना’ यांचे. संरक्षण योजना म्हणजे गाडीला इजा झाली तर भाडेकरूच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, ती मर्यादा. कमी पैसे भरले तर मर्यादा मोठी, जास्त भरले तर लहान. मालकाच्या बाजूलाही असाच जिना आहे. अनेक वर्षे अमेरिकेत मालकाचा वाटा भाड्याच्या साधारण ६० ते ९० टक्के असे. ज्याने नुकसानीचा पहिला फटका स्वतः सोसायचे कबूल केले त्याला नव्वद, ज्याने तो कंपनीवर टाकला त्याला साठ. म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्यक्षात जोखमीचीच खरेदी-विक्री चालते.

गाडी घेताना आणि परत करताना चारही बाजूंचे, चाकांचे, आतले आणि काचेसमोरच्या पडद्याचे फोटो काढायचे. हे फोटो म्हणजे या व्यवहारातला पंचनामा. ज्याच्याकडे वेळेवर काढलेले फोटो नाहीत, त्याची बाजू लंगडी पडते.

माझ्या पिढीच्या वाचकांना तासाची सायकल आठवेल. पुण्यात दुकानदार वहीत नाव-पत्ता लिहून घ्यायचा आणि सायकल द्यायचा. तो ओळखायचा, किंवा आपल्याला ओळखणाऱ्या कोणाला तरी ओळखायचा. सायकल परत गेली नाही तर घरी निरोप यायचा. ही ओळखच तिथे जामीन होती. फोटो, अभिप्राय आणि संरक्षण योजना या ओळखीच्या जागी आल्या आहेत. ओळख फुकट होती, या गोष्टींना पैसे पडतात. १६५चे २६२ होतात, त्यात बराच भाग या हरवलेल्या ओळखीची किंमत आहे, असे मला वाटते.

वीज आली की काय बदलते

पेट्रोलच्या गाडीत नियम सोपा : जेवढी टाकी घेतली तेवढी भरून द्या. पेट्रोलपंप कोपऱ्यावर असतो आणि टाकी पाच मिनिटांत भरते. विजेच्या गाडीत हाच नियम वेळेचा प्रश्न होतो.

किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. मोठ्या बॅटरीच्या एका गाडीत ७५ युनिटे मावतात असे धरू. महामार्गाच्या वेगाने ती १०० किलोमीटरला १७ युनिटे खाते. कागदावर पूर्ण बॅटरीत ४४० किलोमीटर निघतात. पण शेवटचा दहावा भाग कोणी शहाणा माणूस वापरत नाही, आणि मालक गाडी सहसा ८० ते ९० टक्के भरून देतो. नव्वदपासून दहापर्यंत हाती राहतात ६० युनिटे, म्हणजे साधारण ३५० किलोमीटर.

फ्रीमाँटहून लॉस एंजेलिस साडेपाचशे किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत तेहोन खिंडीचा चढ लागतो, रस्ता सुमारे ८०० मीटर वर चढतो. माणसांसकट दोन टनांची गाडी तेवढी उचलायला शाळेतल्या सूत्राने जवळजवळ साडेचार युनिटे जास्तीची लागतात, म्हणजे सपाटीवरचे पंचवीस किलोमीटर त्या चढात जातात. उतारावर त्यातली काही परत मिळतात, कारण पाय उचलला की मोटर उलटी जनित्रासारखी फिरते आणि बॅटरी भरते. खंडाळ्याच्या घाटाला हेच गणित लावले, तर साडेपाचशे मीटरच्या चढाला तीन युनिटे येतात. सारा हिशेब केला की वाटेत पस्तीस-चाळीस युनिटे भरावी लागतात. वेगवान चार्जरवर सरासरी १०० किलोवॉटने भरली तर पंचवीस मिनिटे. चहा आणि पाय मोकळे करणे एवढ्यात ते उरकते.

अडचण परतीला येते. बॅटरी जसजशी भरत जाते तसतसा चार्जिंगचा वेग उतरतो. ८० टक्क्यांनंतर तर गाडी घोटाघोटाने पाणी प्यावे तशी वीज घेते. ‘८० टक्के भरून परत करा’ अशी अट असेल तर शेवटच्या सकाळी चार्जर शोधणे, रांग आणि प्रतीक्षा यांसाठी तासभर बाजूला ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या घरच्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर रात्रीच्या दहा तासांत जेमतेम चौदा युनिटे भरतात, म्हणजे ऐंशी किलोमीटर. विमान पहाटेचे असेल तर आदल्या रात्रीच विचार करायला हवा.

विजेचे पैसे कोण देतो, हाही वेगळाच प्रकार. टेस्लाच्या सुपरचार्जरवर कार्ड घासायचे नसते. तार लावली की यंत्र गाडी ओळखते आणि बिल गाडीशी जोडलेल्या खात्यावर, म्हणजे मालकाच्या खात्यावर पडते. मालक ते नंतर भाडेकरूकडून वसूल करतो. चार्जिंग संपल्यावर गाडी तिथेच अडवून ठेवली तर मिनिटागणिक दंड चढू शकतो, तोही मालकाच्या खात्यावर. म्हणून प्रत्येक वेळी किती युनिटे भरली आणि किती वाजता तार काढली, हे मी वहीत लिहून ठेवत असे. हिशेब जुळला की दोघांचेही मन स्वच्छ राहते.

चौथा बदल डोळ्यांना दिसत नाही. धातूचा पोचा फोटोत दिसतो, बॅटरीची झीज दिसत नाही. अनेक प्रकारच्या बॅटऱ्या कायम शंभर टक्क्यांवर ठेवल्या, उन्हात तशाच उभ्या केल्या किंवा रोज वेगवान चार्जरवरच भरल्या, तर लवकर थकतात. एका भाडेकरूच्या तीन दिवसांनी काहीच बिघडत नाही, पण शंभर भाडेकरूंच्या तीन-तीन दिवसांनी बिघडू शकते. ती झीज कोणा एकाच्या नावावर लावता येत नाही. त्या काळात गाडी ज्याची असते, त्याच्याच नावावर ती जमा होते.

अपघात झाला तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी अ ची, चालवत होता ब, आणि धडक बसली क ला. क ला भरपाई कोण देणार?

कॅलिफोर्नियाने हा प्रश्न धंदा वाढायच्या आधी हाताळला. २०१० साली तिथे कायदा झाला आणि तो जानेवारी २०११ पासून लागू झाला. त्याचे दोन मुख्य भाग. पहिला : गाडी अशा सेवेत दिली एवढ्याच कारणाने मालकाच्या खासगी विम्याला व्यावसायिक ठरवता येणार नाही. दुसरा : भाडेकरूच्या ताब्यात गाडी असेल तेवढ्या काळातली मालकाची जबाबदारी सेवा देणाऱ्या कंपनीने आणि तिच्या विम्याने उचलायची. जणू किल्ली हातातून जाताना जबाबदारीही दुसऱ्या हातात जाते आणि किल्लीबरोबर परत येते.

या कायद्यात एक अट होती, तीही बोलकी आहे. मालकाचे या सेवेतले वार्षिक उत्पन्न गाडी बाळगण्याच्या वार्षिक खर्चापेक्षा जास्त असता कामा नये. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाडीचा खर्च थोडा हलका करू पाहणारा शेजारी होता, दहा गाड्या घेऊन धंदा थाटणारा व्यापारी नव्हता.

असा कायदा नसेल तर काय होते, हे बॉस्टनमध्ये दिसले. फेब्रुवारी २०१२ मध्ये रिलेराइड्सवरून घेतलेल्या गाडीचा भीषण अपघात झाला. गाडी नेणारा मरण पावला आणि समोरच्या गाडीतले लोक गंभीर जखमी झाले. कंपनीचा दहा लाख डॉलरचा विमा होता. पण दाव्यांची रक्कम त्याच्या वर गेली तर उरलेले पैसे मालकाकडे मागितले जातील का, हा प्रश्न लोंबकळत राहिला. त्या संध्याकाळी त्या गाडीच्या आसपासही नसलेल्या मालकावर अशी टांगती तलवार आली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने विम्याच्याच मुद्द्यावर ही सेवा थांबवायला लावली. कायदा बदलून ती पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडले.

कंपन्यांचा एक आवडता युक्तिवाद असा, की आम्ही गाड्या भाड्याने देत नाही, आम्ही फक्त फळा आहोत. त्यावर लोक आपापल्या जाहिराती लावतात. विमानतळांना हे पटले नाही, कारण भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या त्यांना शुल्क देतात. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१८ साली ट्युरोवर दावा लावला. २०२१ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉस्टनच्या लोगन विमानतळाच्या खटल्यात फळ्याचा युक्तिवाद फेटाळला. व्यवहार जुळवून देऊन त्यावर पैसे मिळवणाऱ्याला केवळ जाहिराती छापणाऱ्याची ढाल वापरता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय.

घसरलेली किंमत कोणाच्या माथी

अपघातापेक्षा संथ, पण तितकीच खरी जोखीम म्हणजे गाडीची उतरणारी किंमत. याचा धडा अमेरिकेतल्या ‘हर्ट्झ’ या मोठ्या भाडे कंपनीने सगळ्यांसमोर घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने एक लाख टेस्ला गाड्या घेण्याची घोषणा केली. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती उतरवल्या. नवीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला कोण विचारतो? त्यात अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त येऊ लागला. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने २०,००० विजेच्या गाड्या विकायला काढल्या.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे सोसले नाही, ते आपल्या पद्धतीत कोण सोसतो? कंपनीच्या ताळेबंदात गाड्या नाहीतच, त्यामुळे घसाराही नाही. तो एकेका मालकाच्या अंगणात उभा असतो. मला भेटलेल्या एका मालकाने कर्ज काढून दोन गाड्या घेतल्या होत्या. दर महिन्याला भाड्यातून हप्ता निघत होता, म्हणून तो खूश होता. मी कागदावर त्याच्याबरोबर गणित मांडले. हप्ता, विमा, टायर आणि धुण्याचा खर्च वजा जाता थोडे उरत होते. पण घेतलेली किंमत आणि आजची बाजारातली किंमत यांतला फरक महिन्यांत वाटला, तेव्हा उरलेले सगळे त्यात गेले. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. बँकेत मी असे अनेक छोटे व्यावसायिक पाहिले आहेत. रोख हातात खेळते तोवर भांडवल झिजते आहे हे जाणवत नाही.

गाडीची आठवण

विजेच्या आधुनिक गाडीला सगळे आठवते. मालकाला मोबाइलवर गाडी कुठे आहे, किती चार्ज आहे, दार उघडे आहे का, हे दिसू शकते. काही गाड्यांत वेगाची मर्यादाही दुरून घालता येते. मालकाच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे; त्याची कित्येक लाखांची वस्तू परक्याच्या हाती आहे. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर तो कोणाच्या घरी गेला, किती वाजता परतला, हे एका अनोळखी माणसाला कळते.

या आठवणीची ताकद १ जानेवारी २०२५ रोजी जगाने पाहिली. त्या दिवशी न्यू ऑर्लिन्समध्ये गर्दीत गाडी घालून १४ जणांचा जीव घेण्यात आला, आणि लास वेगासमध्ये एका हॉटेलच्या दारात गाडीचा स्फोट झाला. दोन्ही गाड्या ट्युरोवरून भाड्याने घेतलेल्या होत्या, आणि दोन्ही विजेच्या : एक फोर्डची लाइटनिंग, दुसरी टेस्लाची सायबरट्रक. भाड्याने घेणाऱ्यांपैकी कोणाचीही सुरक्षेला धोका वाटावा अशी गुन्हेगारी पार्श्वभूमी नव्हती असे आम्हाला वाटते, असे कंपनीने सांगितले. म्हणजे परवाना, चेहरा आणि अभिप्राय यांची चाळणी हेतू ओळखू शकत नाही. मात्र लास वेगासच्या गाडीचा प्रवास पोलिसांना चार्जिंगच्या थांब्यांवरून मागे मागे जाऊन जुळवता आला. तपासाला याचा उपयोग झाला, हे चांगलेच. पण जी माहिती गुन्हेगाराचा माग देते, तीच निरपराध भाडेकरूचाही देते. ती कोणी, किती दिवस ठेवायची, याला करारात स्पष्ट ओळ असली पाहिजे.

आपल्याकडची स्थिती

भारतात स्वतः चालवायची गाडी भाड्याने देणारी ‘झूमकार’ २०१३ साली बेंगळुरूत सुरू झाली. आधी तिच्या स्वतःच्या गाड्या होत्या. २०२१च्या सुमारास ती लोकांच्या गाड्या लावून देण्याकडे वळली. पुण्या-मुंबईत विजेच्या गाड्या वाढत आहेत, आणि हप्त्याला हातभार लागावा म्हणून त्या अशा सेवेत द्याव्यात का, असे मला ओळखीचे लोक विचारतात. माझे उत्तर कायद्यापासून सुरू होते.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ७५ खाली १९८९ची ‘रेंट-अ-कॅब’ योजना आहे. स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देण्याचा परवाना तिच्यात मिळतो, पण त्यासाठी किमान पन्नास गाड्या लागतात. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या दिसतात, त्या अशा भाड्याच्या. म्हणजे पन्नास गाड्यांच्या मालकाला दार उघडे आहे आणि एका गाडीच्या मालकाला बंद.

विजेच्या गाड्यांबाबत एक गैरसमज ऐकू येतो. २०१८ साली केंद्राने बॅटरीवर चालणाऱ्या परिवहन वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली. ‘मग आमच्या गाडीला काहीच लागत नाही’, असे काहींना वाटते. ही सूट परिवहन वाहन म्हणून नोंदलेल्या गाडीला आहे, घरच्या गाडीला नाही. दोन्हींची पाटी हिरवीच असते. खासगी गाडीवर अक्षरे पांढरी, परिवहनाच्या गाडीवर पिवळी. सगळा कायदेशीर फरक त्या अक्षरांच्या रंगात आहे.

सर्वांत नाजूक भाग विम्याचा. आपली खासगी गाडीची पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम वाचा. भाडे किंवा मोबदला घेऊन वापर, मालवाहतूक, शर्यत, वेगाची चाचणी हे वापर तिथे स्पष्टपणे वगळलेले असतात. भाड्याने दिलेल्या गाडीचा अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. रस्त्यावरच्या जखमी माणसाला न्यायालये वाऱ्यावर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण परमिटाविना वापरलेल्या वाहनांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो मार्ग धरला तो असा : विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी. मालक कोण, तर नोंदणी पुस्तकात नाव आहे तो, हे २०१८च्या दुसऱ्या एका निकालाने पक्के केले आहे. म्हणजे चालवणारा परका, वाटा घेणारी कंपनी तिसरी, आणि शेवटचा आकडा येऊन पडणार तो दारात गाडी नसलेल्या मालकावर.

सेवा देणाऱ्या कंपन्या मालकाला संरक्षणाचे आश्वासन देऊ करतात. पण करारातले आश्वासन आणि विमा नियामकाच्या कक्षेतली पॉलिसी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आश्वासन कंपनी टिकेल तोवर टिकते. गाडी देण्याआधी मालकाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : भाड्याच्या काळात लागू असलेल्या विम्याचा पॉलिसी क्रमांक, त्या विम्यात आपल्या गाडीचा नोंदणी क्रमांक, आणि तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्यात मालकाकडून वसुली होणार नाही अशी ओळ. यांतले एक जरी मिळाले नाही, तरी गाडी घरी उभी राहिलेली स्वस्त पडते. भाडेकरूनेही पाटीच्या अक्षरांचा रंग पाहावा, विम्याचा कागद मागावा, आणि चार्जचा आकडा फोटोत घ्यावा.

कायद्याकडून अपेक्षा फार मोठी नाही. एक-दोन गाड्यांच्या मालकासाठी छोटी नोंदणी, किल्लीबरोबर जबाबदारीही सरकेल अशी तरतूद, तेवढ्या तासांचा सक्तीचा विमा, आणि गाडीने साठवलेली माहिती मुदतीत पुसण्याचे बंधन. यातल्या पहिल्या तिन्हींचा नमुना कॅलिफोर्नियाच्या २०१०च्या कायद्यात थोड्याफार फरकाने सापडतो. चौथी गोष्ट विजेच्या गाडीने आणलेली, ती आपल्याला नव्याने लिहावी लागेल. तोपर्यंत हिरव्या पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांची गाडी भाड्याने देणारा प्रत्येक मालक, त्याला माहीत असो वा नसो, स्वतःच स्वतःचा विमा कंपनी आहे.